मोबाइलमधून कॉलेज पाहताना

जिंतूर-गंगाखेडकडच्या बारावीच्या मुलीला पुण्याचं कॉलेज पाहायचं तर दोन माणसांचं भाडं लागतं, घरच्यांची मजुरी बुडते. आता काही कॉलेजं आपला परिसर मोबाइलवर दाखवतात. चांगली सोय झाली. पण मी कविता लिहिणारा माणूस. काय वगळलं आहे, ते आधी शोधतो. चित्रफितीत बाग दिसते, वसतिगृहाचा नळ दिसत नाही.

मुलांनो, आधी आपल्या परभणीतलं, १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ हिंडून या. म्हणजे पडद्यावर काय शोधायचं ते कळेल. मग वहीत प्रश्न लिहा. शिक्षकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती? फी किती? वाचनालय कधीपर्यंत उघडं? नॅकला दिलेला अहवाल बहुधा कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. जागांचे आकडे त्यात सापडतात. नळाचं मात्र तिथं शिकणाऱ्या मुलीलाच फोन करून विचारा.

आणि हे एकट्यानं पाहू नका. अम्मी-अब्बा असोत, आई-बाबा असोत, आजीलाही जवळ बसवा. मुलीला बाहेरगावी धाडायचं की नाही, हे घरातच ठरतं. वसतिगृहाचं दार पाहिलं, रेक्टरबाईंशी दोन शब्द बोलणं झालं, की आजीचा जीवही थोडा थाऱ्यावर येतो.