संसद, कायदा आणि ‘बौद्ध’ हा शब्द
(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ लिहिला तर सवलती जातील, अशी धास्ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. त्यामुळे विहारात बौद्ध आणि कागदावर हिंदू, अशी दुहेरी वहिवाट पुष्कळ घरांत चालू आहे. ही धास्ती निराधार आहे, एवढे सांगून मला थांबता येईल. परंतु आपला हक्क कोणी, कोठे आणि कोणत्या रीतीने कायद्यात आणला हे ठाऊक नसेल, तर कचेरीतला पहिला कारकून ‘नाही’ म्हणताच आपण माघारी फिरू. सबब आज संसदेची रचना समजून घेऊ.

संविधानाच्या ७९ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा ही तिन्ही मिळून संसद होते. लोकसभेच्या ५४३ जागा जनतेच्या प्रत्यक्ष मतदानाने भरतात. त्यांपैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्राच्या वाट्यास एकूण ४८ जागा येतात. राज्यसभेचे बहुतेक सभासद राज्यांचे आमदार निवडतात आणि १२ सभासद राष्ट्रपती नियुक्त करतात. लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते. राज्यसभा मात्र विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात. बाबासाहेब १९५२ पासून परिनिर्वाणापर्यंत याच राज्यसभेचे सभासद होते.

कायद्याचा मसुदा म्हणजे विधेयक. ते मंत्री मांडतो, तसे मंत्री नसलेला सभासदही मांडू शकतो. परंतु अशा खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचे उदाहरण १९७० नंतर नाही. प्रत्येक विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्या वाचनात ते सभागृहापुढे येते. दुसऱ्यात त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, जरूर तर ते समितीकडे जाते आणि मग एकेका कलमावर मते घेतली जातात. तिसऱ्यात संपूर्ण विधेयकावर मत होते. हीच वाटचाल दुसऱ्या सभागृहातही करावी लागते आणि अखेर राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणजे कायदा होतो. खरी झुंज दुसऱ्या वाचनात असते. हिंदू संहितेचे विधेयक कलमवार चर्चेतच रखडले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण जाणताच.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात असे होते की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये संसदेने तेथे ‘शीख’ हा शब्द घातला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास धम्मदीक्षा झाली आणि लाखो माणसे या परिच्छेदामुळे एका दिवसात यादीबाहेर गेली. त्यांची गरिबी तीच होती, गावकुसाबाहेरचे घरही तेच होते.

महाराष्ट्र राज्याने पुढे आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना दिल्या. परंतु केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ बंदच राहिले. कारण अनुच्छेद ३४१ प्रमाणे त्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे आणि तोही कायदा करूनच. मंत्र्याचे आश्वासन, राज्याचा ठराव किंवा न्यायालयाचा निवाडा येथे पुरत नाही. मोर्चे निघाले, निवेदने गेली. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाने केलेल्या सत्याग्रहातही ही मागणी होती. अखेर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि ‘हिंदू’ व ‘शीख’ यांच्या जोडीस ‘बौद्ध’ हा शब्द आला. एका शब्दासाठी चौतीस वर्षे लागली! आणि ध्यानात घ्या, यासाठी घटनादुरुस्तीचे दोनतृतीयांश मताधिक्य लागत नव्हते. हजर राहून मत देणाऱ्यांचे साधे बहुमत पुरेसे होते. उणीव होती ती इच्छाशक्तीची.

म्हणून धर्माच्या रकान्यात निर्भयपणे ‘बौद्ध’ लिहा. जनगणनेतही तेच सांगा. मात्र सवलतीसाठी आपली मूळ जात यादीत असल्याचा पुरावा लागतो. तेव्हा आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकातील उतारे, जमिनीचे कागद जपून ठेवा. आपण जात मानीत नाही. तो कागद श्रद्धेची खूण नसून पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. तो दाखविण्यात धम्माशी प्रतारणा नाही.

शेवटी एवढेच. संसदेने जे दिले ते संसद साध्या कायद्याने बदलूही शकते. आपला खासदार कोण, तो कोणत्या विधेयकाला मत देतो, यावर नजर ठेवा. त्याला लेखी विचारा. लोकसभेकडे अर्ज करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे आणि त्यासाठी तेथे स्वतंत्र समितीही आहे. मत टाकून घरी बसणारा समाज आणखी चौतीस वर्षे वाट पाहील. जागा राहणारा समाज पाहणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!