स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची अखेरची शुश्रूषा

(कागल येथे ज्येष्ठ नागरिक, आशा स्वयंसेविका व महिला बचत गटांच्या सदस्या यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन मी माहिती खात्यात आलो आणि शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हेच माझे काम राहिले आहे. स्मृतिभ्रंशासारख्या गहन व्याधीवर अशा माणसाने बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु या व्याधीचा अखेरचा भाग दवाखान्यात कमी आणि घरातील एका खाटेभोवती अधिक घडतो. त्या भागाविषयीच मी बोलणार आहे.

माझ्या आजीचे माहेर चिकोडीकडचे. लहान वयात लग्न होऊन ती या तालुक्यात आली आणि साठ वर्षे मराठीत वावरली. अखेरच्या दोन वर्षांत तिची मराठी हळूहळू गेली आणि माहेरची कानडी तेवढी उरली. अगोदर शिकलेले उशिरा पुसले जाते, असे या व्याधीत पुष्कळदा घडते. त्या दिवसांत ती सारखी ‘नोवु, नोवु’ म्हणत असे. आम्हांस ते ‘नऊ, नऊ’ असे ऐकू येई. म्हातारी काहीतरी मोजते आहे, अशी घरात सर्वांची समजूत झाली. शेजारच्या एका कानडी बाईने एके दिवशी ते ऐकले आणि सांगितले, “अहो, आज्जींना दुखतंय. नोवु म्हणजे दुखणं.” कूस वळवून पाहिले, तर माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम झालेली होती.

आपल्या सीमाभागात अशा कितीतरी सासुरवाशिणी आहेत. आशाताईंनी वृद्धांची नोंद करताना त्या बाईचे माहेर कुठले, तिची पहिली बोली कोणती, हेही वहीत लिहून ठेवावे, ही माझी पहिली विनंती.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अनुमानानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे दर शंभरांत सातांहून अधिक. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त आढळले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी विस्मरण झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आणि मराठी प्रेक्षकांना या व्याधीची ओळख घडविली. तथापि पंडिताचे विस्मरण आपल्या चटकन लक्षात येते. शेतात राबलेल्या निरक्षर आजीचे ‘वय झालं’ या दोन शब्दांत निकालात निघते.

याहूनही मोठा गैरसमज दुसरा आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विसरणे, असे आपण मानतो. वस्तुतः ही मेंदूची क्षीण होत जाणारी आणि अखेरीस प्राण घेणारी व्याधी होय. प्रथम नावे जातात, मग वाट, मग शब्द, मग चालणे आणि शेवटी गिळणे. घास श्वासनलिकेत जातो, ताप भरतो, न्यूमोनिया होतो. अमेरिकेत बोस्टन परिसरातील २२ शुश्रूषागृहांत अशा अखेरच्या अवस्थेतील ३२३ वृद्धांची अठरा महिने पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या मुदतीत निम्म्याहून अधिक दगावले. शंभरांतील सुमारे ८६ जणांना खाण्यापिण्याची अडचण उद्भवली आणि ४१ जणांना न्यूमोनिया झाला. या पाहणीतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांच्या नातलगांना हा आजार आता अखेरीकडे चालला आहे याची जाणीव होती, त्या वृद्धांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत नळ्या, सुया आणि रुग्णालयाच्या खेपा कितीतरी कमी आल्या.  हा फरक घरच्यांना माहिती असण्याशी जोडलेला दिसला. माहिती खात्यातील माणसाने हे वाक्य मनात जपून ठेवले, तर त्यात नवल नाही.

आमच्या घरात ही माहिती कोणालाच नव्हती. ताप आला म्हणून आजीला आम्ही एका रुग्णालयात नेले. त्याचे नाव मी घेत नाही. तेथे तिच्या नाकातून नळी घातली. ती नळी ओढी, म्हणून दोन्ही मनगटे खाटेच्या दांडीला पट्टीने बांधण्यात आली. माझे वडील दारात उभे राहून ते पाहत होते. “नळी काढली तर उपाशी मारल्याचं पाप लागेल,” असे ते म्हणाले आणि आम्ही सर्व गप्प बसलो. हे अखेरचे दुखणे आहे, असे त्या चार दिवसांत आम्हांस कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

आज वैद्यकीय मत याबाबत बरेच स्पष्ट झाले आहे. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा आढळत नाही. उलट नळी ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात आणि जखमा वाढतात. त्याऐवजी हाताने, रुग्णाच्या कलाने भरवावे, असे सांगितले जाते. पाठ उंच करून बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी. घास लहान असावा आणि पहिला गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये. अगदी पातळ पाण्याने ठसका लागत असेल, तर पेज किंवा आंबील थोडी दाट करून द्यावी. भरवून झाल्यावर अर्धा तास तरी आडवे करू नये. तोंड मिटले, मान फिरविली, तर थांबावे. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासे होते. भूक मेल्यामुळे मरण येते असे नव्हे, तर मरण जवळ आल्यामुळे भूक मरते. ओल्या फडक्याने ओठ व जीभ भिजवीत राहणे हीच त्या वेळची सेवा.

दुखण्याची गोष्ट मी मघाशी सांगितली. बोलता न येणाऱ्या माणसाचे दुखणे ओळखण्यासाठी परिचारिका पाच गोष्टी पाहतात. श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची आखड आणि जवळ घेतल्यावर शांत होणे वा न होणे. कपाळाला आठ्या, मिटलेल्या मुठी, कूस वळविताना हात झिडकारणे, या गोष्टींना आपण हट्ट म्हणतो. अशा वेळी आधी बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, किडलेला दात आणि पाठीवरची जखम तपासावी. दर दोन तासांनी कूस बदलावी. एकाएकी बडबड किंवा ग्लानी वाढली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना अवश्य बोलवावे. तीव्र वेदना व धाप यांवर मॉर्फिन हे औषध आहे. अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळविणे सुलभ झाले. त्याचे नाव ऐकून भिण्याचे कारण नाही. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे.

आता शासकीय व्यवस्थेविषयी. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये आणि उपशामक सेवेचा २०१२ मध्ये सुरू झाला. वृद्धांची व उपशामक सेवा आता आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत समाविष्ट आहे. कागदावर कार्यक्रम आला म्हणजे खाटेपाशी माणूस आला, असे मात्र नव्हे. केरळने ते अंतर बरेच कापले. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी वेदनामुक्तीसाठी संस्था काढली, गावोगावचे स्वयंसेवक पुढे आले आणि २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरणच स्वीकारले. तेथे पंचायतीच्या मदतीने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जाते. बचत गट, तरुण मंडळे व सहकारी संस्था यांचे जाळे आपल्या कागल तालुक्यात काही कमी नाही. तेव्हा हे येथे अशक्य आहे, असे मी म्हणणार नाही.

पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. शुश्रूषेने थकलेल्या सुनेनेही दुसऱ्या क्रमांकावर बोलावे. रात्री तीनदा उठणारी तीच असते, आणि आल्यागेल्याचे बोलही तीच ऐकते. नोकरीच्या गावाहून सुटीत येऊन सल्ला देणाऱ्या मुलांनी, त्यांत एके काळचा मीही आलो, चार रात्री जागून मग बोलावे.

एक गोष्ट मात्र बुद्धी शाबूत असतानाच करावयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण येण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पूर्वेच्छापत्राची पद्धत सोपी केली. बरे होण्याची आशा नसेल, तेव्हा कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात लिहावयाचे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावयाचे. यात कोणालाही मारण्याची परवानगी नाही. निष्फळ उपचार थांबविण्याची आहे, आणि तीही वैद्यकीय मंडळांनी तपासून पाहिल्यावर. स्मृती गेल्यानंतर केलेल्या सहीला काही अर्थ उरत नाही, म्हणून हे आज येथे बसलेल्या, धडधाकट असलेल्या मंडळींनी ऐकावयाचे आहे. कागद करावयाचा नसेल, तर निदान मुलांना एकत्र बसवून आपल्याला काय हवे ते सांगावे. माझ्या वडिलांनी आम्हांस ते मागील दिवाळीत सांगितले. सांगताना ते हसत होते. आम्हांला मात्र हसता आले नाही.

पाचव्या दिवशी आम्ही आजीला घरी आणले. नळी काढली होती. मनगटांवर पट्टीचे वळ होते. ती पुढे अकरा दिवस होती. शेजारची ती बाई रोज तिसऱ्या प्रहरी येई, उशाशी बसून कानडीत काहीबाही बोले, पावसापाण्याचे, शेतातले. आजी उत्तर देत नसे. पण तिच्या मुठी सैल होत. अकराव्या दिवशी सकाळी आईने तिला दोन चमचे आंबील भरविली. तिसऱ्या चमच्याला तिने मान फिरविली, तेव्हा आईने वाटी खाली ठेवली.

आशाताईंनी आपल्या गावातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या याद्या आणल्या आहेत. आता आपण त्या वाचू.