पंचवीस टक्के कुणाचे?



माझ्या आधीचे साहेब म्हणाले, खासगी शाळांनी मदत करावी ती हुशार आणि गरजू पोरांना. हुशार! सहा वर्षांच्या पोराची हुशारी कशानं मोजता? ज्याच्या घरी पेपर येतो, आई गोष्टी वाचून दाखवते, ते हुशार. ज्याची आई पहाटे चारला दुसऱ्याचे संडास धुवायला जाते, ते ढ. पट्टीच त्यांच्या घरची.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला लिहून दिलं की महसूल राबणाऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्यांच्या पोरांना. १९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड. राजा चांगला होता. पण त्या शिष्यवृत्तीच्या करारापायी १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीला गेले, तर शहरात राहायला खोली मिळेना. मेहेरबानीची लांबी तेवढीच असते.

म्हणून २००९चा कायदा मला मोठा वाटतो. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या. संस्थाचालक कोर्टात गेले, २०१२ साली सुप्रीम कोर्टात हरले. ९ फेब्रुवारी २०२४ला आपल्याच सरकारनं मागचं दार उघडलं. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगीला सूट. मुंबईत एक किलोमीटरवर काय नसतं? १९ जुलैला हायकोर्टानं ते रद्द केलं, म्हणून वाचलो.

आता कडू बोलतो. दुर्बल घटकाला आपल्या राज्यात उत्पन्नाची अट एक लाख. बाराने भागा, महिन्याला ८,३३३. गोदीत माझ्या टोळीतला साताऱ्याकडचा मराठा गडी माझ्याइतकंच ओझं उचलतो. त्याचं पोरगं या आकड्यापायी बाहेर. आपल्याला, अनुसूचित जातीला, उत्पन्नाची अट नाही. पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्यानं दलित म्हणताना कामगारालाही धरलं होतं. मग त्या गड्यासाठी ही लाखाची अट वाढवा म्हणून आपण का ओरडत नाही?

आणि खाली गाडी लावून वर आलेले आपलेही काही आहेत. रागावू नका. सोडत आंधळी असते. साहेबाच्या पोराची चिठ्ठी निघाली की झाडूवालीच्या पोरीची राहते. लगेच ते म्हणतील, बघा, म्हणूनच जात काढा, उत्पन्न लावा. अजिबात नाही! साहेबाच्या पोरालाही वर्गात जात विचारतात. जात राहणार. पण आपल्या आपल्यात रांग लावा. ज्या घरात कुणी दहावी पाहिली नाही, ते पोरगं पुढे. हे कोर्टानं सांगायची वाट कशाला बघायची? फी परवडते त्यांनी अर्जच भरू नये.

कायद्याची दोरी आठवीला संपते. माझ्या बहिणीचा पोरगा असाच एका शाळेत गेला, नाव घेत नाही. आठवीचा निकाल घेतला त्याच दिवशी क्लार्कनं नववीच्या फीचा कागद दिला. माझी दोन महिन्यांची कमाई. आता तो पालिकेच्या शाळेत, मराठी माध्यमात. म्हणतो, "मामा, गणित येतंय, पण गणितातलं मराठी कळत नाय." आठ वर्षं आत बसवून बाहेर काढलेल्या या पोरांना दहावीपर्यंतची फी आधी मिळाली पाहिजे. नवा वर्ग, नवी बिल्डिंग नंतर.

अर्ज सुटले की दर रविवारी दहा ते एक मी विहारात बसणार. माझी पाळी असली तर दुसरं कुणी बसेल. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार आणा. मालक करार रजिस्टर करून देत नसेल तरी या. त्याच्याकडे आपण चौघं मिळून जाऊ.