दाताचा फोटो कुणाचा?



आपल्याकडे खेड्यापाड्यांत एक्स-रेला सरळ ‘फोटो’ म्हणतात. ‘छातीचा फोटो काढला’, ‘डॉक्टरांनी दाढेचा फोटो काढायला सांगितलाय’, असे आपण रोज ऐकतो. शब्द काही चुकीचा नाही. लग्नाचा फोटो आपण पैसे देऊन काढतो, घरी आणतो आणि भिंतीवर लावतो. दाढेचा फोटोही आपण पैसे देऊनच काढतो, परंतु तो बहुधा दवाखान्यातच राहतो. हल्ली तर तो कागदावरही नसतो, डॉक्टरांच्या संगणकात असतो. हा फोटो कुणाचा, आणि मागितला तर मिळतो का, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, हा काय बोलायचा विषय झाला? पण पैठण, वैजापूर, सिल्लोड, कन्नड अशा आपल्या तालुक्यांतली मुले आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. कुणी आखातात नोकरीला आहे, कुणी इंग्लंड-अमेरिकेत, कुणी जर्मनीत शिकायला. तिकडे दाताचे उपचार फार महाग पडतात, आणि विमा असला तरी तो सगळा खर्च उचलतोच असे नाही. म्हणून ही मुले दाढदुखी अंगावर काढतात आणि आईला फोनवर सांगतात, ‘दिवाळीला येतोय, तेव्हाच दाढेचं बघू.’ रजा असते तीन आठवड्यांची. त्यात दोन लग्ने, एक देवदर्शन आणि उरलेल्या दिवसांत दाढ!

आता दंतवैद्याच्या बाजूने पाहा. दाढेच्या मुळापर्यंतचा उपचार, ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो, तो एका खेपेत होईल की तीन, हे मुळांच्या आकारावर आणि आत किती पू झाला आहे त्यावर ठरते. वर टोपी बसवायची तर ती बाहेरून करवून आणायला काही दिवस जातात. दात काढून त्या जागी हाडात स्क्रू रोवायचा असेल, म्हणजे इम्प्लांट करायचे असेल, तर तो हाडात पक्का धरायला साधारणपणे तीन ते सहा महिने द्यावे लागतात. तीन आठवड्यांच्या रजेत हे काम पुरे व्हायचे नाही. पण ही गोष्ट मुलगा विमानाचे तिकीट काढून, रजा घालवून इथे येऊन खुर्चीत बसल्यावर कळते. तिकडच्या दवाखान्यात काढलेला फोटो महिनाभर आधी इथल्या दंतवैद्याला पाठवला असता, तर तो घरबसल्या सांगू शकला असता की, बाबा, दोन खेपा कराव्या लागतील, किंवा हाड पुरेसे नाही, किंवा अगदी, काही घाई नाही. गरज नसलेला उपचार टळणे हाही मोठाच फायदा आहे.

दाताच्या फोटोची कहाणी तशी जुनी आहे. विल्हेल्म रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ सालच्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्या जानेवारीत, म्हणजे दोन-अडीच महिन्यांच्या आत, ओटो वॉल्कहॉफ नावाच्या त्याच्याच एका देशबांधवाने स्वतःच्या तोंडात काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी धरून दातांचे पहिले क्ष-किरणचित्र घेतले. त्यासाठी सुमारे २५ मिनिटे निश्चल पडून राहावे लागले. आज तेच काम सेकंदाच्या काही अंशात होते. रॉन्टगेनने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही, जगाला तो मोकळा दिला. त्याच शोधातून निघालेला आपल्याच जबड्याचा फोटो मागायला मात्र आपण संकोचतो!

तोंडाच्या आत छोटी पट्टी ठेवून काढतात तो फोटो तीन-चार दातांचा असतो. यंत्र डोक्याभोवती फिरवून काढतात त्याला ओ.पी.जी. म्हणतात, त्यात दोन्ही जबडे एका नजरेत दिसतात. तिसरा प्रकार सी.बी.सी.टी. याचा. त्यात हाडाची लांबी, रुंदी, खोली तिन्ही मापे मिळतात, आणि तो खर्चिकही असतो. मागताना तिन्ही मागावेत.

कुणी म्हणेल, जुना फोटो कशाला, नवा काढू. काढावा की! क्ष-किरणांची फार धास्ती घेण्याचे कारण नाही. एका छोट्या फोटोत अंगावर जाणारे किरण हे निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळणाऱ्या किरणांहूनही थोडे असतात. सी.बी.सी.टी.चे प्रमाण मात्र त्याहून पुष्कळ जास्त असते, तो विनाकारण पुन्हा काढू नये. पण जुन्या फोटोचे खरे मोल निराळेच आहे. आजचा फोटो फक्त आजची स्थिती सांगतो. दाताभोवतीचे हाड तीन वर्षांपूर्वी जेवढे होते तेवढेच आज आहे की झिजले आहे, मुळाच्या टोकाशी दिसणारा काळा डाग वाढतो आहे की भरून येतो आहे, हे जुना आणि नवा असे दोन फोटो शेजारी ठेवल्यावाचून समजत नाही. शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. विहिरीचे पाणी आज किती आहे यापेक्षा ते मागच्या चैत्रात किती होते, यावरच तो पिकाचा हिशेब करतो.

आणखी एक मौज सांगतो. दातांना नंबर असतात, आणि ते देशोदेशी एक नसतात. आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी दोन आकड्यांची जी पद्धत वापरतात, तिच्यात ‘१६’ म्हणजे वरच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ. अमेरिकेत एकापासून बत्तिसापर्यंत सरळ मोजतात. तिथे ‘१६’ म्हणजे वरच्या जबड्यातली डावीकडची अक्कलदाढ! तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टराने नुसते ‘सोळा नंबर’ असे चिठ्ठीत लिहून दिले आणि सोबत फोटो नसला, तर घोटाळ्याला किती वाव आहे पाहा. फोटोवर तारीख आणि डावे-उजवे ठीक लिहिलेले असेल, तर जबड्याची भाषा सगळीकडे एकच आहे.

आता मुख्य प्रश्न. फोटो कुणाचा?

या बाबतीत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल फार मोलाचा आहे. १९९६ सालच्या त्या निकालात, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ज्यात पक्षकार होते अशा प्रकरणात, न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपरच्या नकला मागितल्या, तर रुग्णालयाने आणि डॉक्टरांनी त्या द्यायलाच हव्यात. गुप्ततेची सबब सांगून रुग्णाचीच माहिती रुग्णापासून लपवता येणार नाही. मात्र नकलेचा योग्य तो खर्च ते मागू शकतात. मला हे तारतम्य पटते. हक्क फुकट असावा, झेरॉक्स फुकट नसली तरी चालेल.

पुढे २००२ साली डॉक्टरांच्या वर्तणुकीचे जे नियम निघाले, त्यांत मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असे लिहिले गेले. दंतवैद्यांसाठी २०१४ साली आचारनियम निघाले, त्यांतही हीच ७२ तासांची मुदत आहे. पण याच नियमांत एक मेखही आहे. नोंदी जपून ठेवण्याचे बंधन तीन वर्षांचे आहे. सात वर्षांनी आठवण झाली आणि दवाखान्यात ‘आता काही नाही आमच्याकडे’ असे उत्तर आले, तर भांडायला जागा उरत नाही. म्हणून ज्या दिवशी फोटो निघेल त्याच दिवशी नक्कल मागावी, हे उत्तम.

परदेशात काय? तिथेही हवा याच दिशेची आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९२ साली असेच एक प्रकरण आले होते. एका रुग्ण बाईंनी आपली सगळी फाइल मागितली. डॉक्टरांनी स्वतः लिहिलेले कागद दिले, पण इतर डॉक्टरांकडून आलेले कागद दिले नाहीत. न्यायालयाने जो भेद केला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. फाइलचा कागद डॉक्टरच्या मालकीचा, पण त्यातली माहिती पाहण्याचा आणि तिची नक्कल घेण्याचा हक्क रुग्णाचा. आमच्या मराठीच्या वर्गात मी मुलांना सांगत असतो की, वही दुकानदाराने विकली म्हणून तीत लिहिलेली कविता त्याची होत नाही. तसेच काहीसे हे आहे.

आणि २०२३ सालचा निकाल तर दंतवैद्याच्याच बाबतीतला आहे. जर्मनीतल्या एका रुग्णाला वाटले की आपल्या दातांच्या उपचारात चूक झाली. त्याने नोंदींची पहिली नक्कल फुकट मागितली. दंतवैद्य म्हणाल्या, खर्च द्या. वाद वाढत वाढत लक्झेंबर्गला युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला. न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले की, पहिली नक्कल विनामूल्य दिली पाहिजे आणि ती कशासाठी हवी याचे कारण सांगण्याची रुग्णाला गरज नाही. हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे. कारण खरी अडचण पैशांची नसते, तोंडावर पडण्याची असते. ‘दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार आहे’ असे सांगायचे कसे, या संकोचाने माणूस गप्प बसतो.

माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा आयर्लंडमध्ये असतो. त्याने तिथल्या एका दवाखान्यात आपले फोटो मागितले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ‘आम्ही बाहेर देत नाही’ असे सांगून वाटेला लावले. मुलाने घरी येऊन चार ओळींचे पत्र लिहिले, युरोपातल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्याचा उल्लेख केला आणि ई-मेलने धाडले. आठवड्याभरात सगळे फोटो आले, तेही बिनबोभाट. काउंटरवरचे ‘नाही’ हे पुष्कळदा नियमाचे नसते, सवयीचे असते. इथेही आणि तिथेही.

इंग्लंडात अशा मागणीला साधारणपणे एक महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते आणि बहुधा पैसे घेता येत नाहीत. अमेरिकेत ३० दिवसांची मुदत आहे, आणखी ३० दिवस एकदा वाढवून घेता येतात. तिथे नकलेचा वाजवी खर्च घेतात, पण उपचाराचे बिल थकले आहे म्हणून नक्कल अडवून धरता येत नाही. एकूण, दिवाळीत यायचे असेल तर पत्र श्रावणातच गेले पाहिजे.

गावोगावच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना इथे एक विनंती आहे. ‘गुरुजी, तेवढा अर्ज लिहून द्या’ म्हणून माणसे तुमच्याकडे येतात. तेव्हा हा मसुदा टिपून ठेवा:

‘मी अमुक तारखेपासून आपल्याकडे दातांचे उपचार घेत आहे. माझ्या सर्व क्ष-किरणचित्रांची आणि उपचारांच्या नोंदींची नक्कल मला हवी आहे. चित्रे तारखेसह, मूळ संगणकीय फाइलच्या रूपात द्यावीत. नकलेचा योग्य खर्च कळवावा, तो मी देईन. अर्जाची पोच द्यावी.’

खाली नाव, जन्मतारीख, सही. बस्स. कारण लिहू नका, रागाचा शब्द लिहू नका. पोच मात्र सोडू नका, कारण ७२ तास त्या पोचेपासून मोजायचे असतात. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल तर अर्ज आईवडिलांनी करावा. मुलगा परदेशात आणि फोटो इथल्या दवाखान्यात असा उलटा प्रकार असेल, तर त्याच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन वडिलांनी जावे. आमच्या शहरात घाटीच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दुरून येणारी माणसे पुष्कळ असतात. अशांनी तर केसपेपरचा नंबर घरी एका वहीत लिहूनच ठेवावा. नंबर असला की शोधणाऱ्याचे काम सोपे होते आणि आपलाही हेलपाटा वाचतो.

‘मूळ फाइल’ असे मी मुद्दाम लिहिले. संगणकाच्या पडद्यावरचा फोटो मोबाइलने टिपून घेतला, की त्यात पडद्याची चमक येते, कडा पुसट होतात आणि मुळाची बारीक रेघ हरवते. व्हॉट्सॲपवरही फोटो साधा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. सी.बी.सी.टी. असेल तर छापील फिल्मवर भागत नाही. त्याची ‘डायकॉम’ नावाची फाइल असते, ती पेन-ड्राइव्हवर किंवा सी.डी.वर मागून घ्यावी. जुनी फिल्म असेल तर ती कागदी पाकिटात सपाट ठेवा. तिला टाचणी टोचू नका, घडी घालू नका आणि पत्र्याच्या पेटीत उन्हाजवळ ठेवू नका.

जुना फोटो पाहूनही इथल्या दंतवैद्याने नवा काढू म्हटले, तर लगेच शंका घेऊ नये. दुखणे नवे असेल किंवा फोटो वर्ष-दोन वर्षांचा असेल, तर त्याचे म्हणणे रास्तच आहे. दोन्ही शेजारी ठेवा एवढे मात्र त्याला जरूर सांगावे.

आणि मुलगा परत निघताना? तेव्हाही रिकाम्या हाताने जाऊ नये. इथे जे केले त्याचा शेवटचा फोटो आणि नोंद त्याने बरोबर न्यावी. विशेषतः इम्प्लांट केले असेल तर स्क्रू कोणत्या कंपनीचा, किती जाडीचा, किती लांबीचा, हे लिहून घ्यावे. या स्क्रूंची हत्यारे कंपनीगणिक निराळी असतात. चार वर्षांनी परमुलखात तो सैल झाला, तर तिथला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारील, आणि त्याचे उत्तर जबड्यात पाहून सहसा मिळत नाही. लोणच्याची बरणी बांधताना आई सामानात ते पाकीटही ठेवील, तर बरे.