विळीची धार आपल्याच हातात

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी हप्त्याबद्दल बोलणार नाही, तेव्हा निवांत बसा. आज बोलायचंय आपल्या विळीबद्दल आणि सुरीबद्दल.

गेल्या हंगामात, ऐन वेचणीच्या दिवसांत, मी एका गटाच्या बैठकीला गेले होते. एक ताई सही करायला पुढे आल्या, तर अंगठ्याला ही मोठी पट्टी. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, लाल भोपळा चिरताना सुरी घसरली." आठ दिवस त्यांना कापूस वेचता आला नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते हे तुम्हाला मी काय सांगणार! आठ दिवसांचे पैसे बुडाले, वर दवाखान्याचा खर्च झाला, आणि त्या महिन्याची बचत त्यांनी जावेकडून उसने घेऊन भरली. मी विचारलं, "सुरीला धार फार होती का?" त्या हसल्या. "धार कुठली? धार असती तर घसरली कशाला असती?"

माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. आपल्याकडे उलटंच सांगतात ना? "धार जास्त नको, हात कापेल." पण बोथट सुरीला जोर लावावा लागतो. जोर लावला की ती भोपळ्याच्या टणक सालीवरून सटकते आणि त्याच जोरानं बोटावर येते. धारदार सुरी थोड्या दाबात आत शिरते, म्हणून आपल्या ताब्यात राहते. कांद्याचंही तसंच. बोथट पात्यानं कांदा चिरण्यापेक्षा चेंगरतो जास्त, म्हणून डोळ्यांना जास्त झोंबतो. कोथिंबीर आणि पालेभाजी चेंगरली की लवकर काळी पडते.

आता एक प्रश्न, स्वतःच्या मनाशीच उत्तर द्या. घरातली कुऱ्हाड, कोयता, औताचा फाळ हंगामाआधी लोहाराकडे जातात की नाही? जातात. आणि विळी? ती सायकलवरचा धारवाला गावात यायची वाट बघते, नाहीतर घरातलं कुणीतरी "उद्या लावून देतो" म्हणतं. त्या उद्याला महिना जातो. दिवसातून दोनदा, वर्षाचे सगळे दिवस जे अवजार चालतं, त्याचीच पाळी शेवटी येते.

म्हणून म्हणते, हे काम आपणच शिकून घेऊ. मी समाजकार्य शिकले, पण धार लावायला मला एका गटातल्या मावशींनी शिकवलं. पहिल्यांदा मी सुरी इतकी उभी धरली की होती ती धारही गेली. तेव्हा माझ्या चुकीवरून तुम्ही शिका.

दगड कोणता घ्यायचा? हार्डवेअरच्या दुकानात धार लावायचा दोन बाजूंचा दगड मिळतो. एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. दगडावर नंबर असेल तर लहान नंबर म्हणजे खरखरीत आणि मोठा नंबर म्हणजे बारीक. घराची पायरी किंवा ओट्याची कड अडीअडचणीला चालते, पण ती सपाट नसते, म्हणून धार कुठे लागते, कुठे नाही. दोन सुऱ्या एकमेकींवर घासू नका, दोन्हींच्या धारेला खाचे पडतात.

सुरीला धार अशी लावा. दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. दगडावर पाणी मारा आणि काम होईपर्यंत तो ओला ठेवा. पाण्यानं लोखंडाची भुकटी वाहून जाते आणि दगड बुजत नाही.

आता तिरकेपणा. सगळी गोम इथेच आहे. वहीच्या कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. त्याची एक घडी घाला, मग त्याच टोकावर आणखी एक. जो निमुळता कोन उरला, तेवढीच किंवा त्याहून थोडी कमी सुरी दगडावरून उचलायची. धार दगडाला टेकलेली, पाठ थोडी वर. मुठीपासून टोकापर्यंत पूर्ण पातं दगडावरून सरकवायचं. तिरकेपणा शेवटपर्यंत तोच ठेवा, घाई करू नका.

आधी खरखरीत बाजूवर एका अंगानं दहा-बारा वेळा घासा. मग अंगठ्यानं पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेर, असं आडवं हलकेच चाचपा. धारेवरून लांबीनं बोट कधीच फिरवायचं नाही. वरच्या अंगाला, म्हणजे जे अंग दगडाला लागलं नव्हतं तिथे, अगदी बारीक खरखर लागली तर समजा काम झालं, लोखंडाची कड तिकडे वळली. खरखर लागली नाही तर अजून घासा. मग सुरी उलटून दुसऱ्या अंगानं तेवढंच करा. शेवटी दगडाची बारीक बाजू वर घ्या आणि हलक्या हातानं आलटून-पालटून फिरवा, म्हणजे ती वळलेली कड निघून जाते.

मावशींची युक्ती सांगते. लोणच्याची रिकामी चिनी मातीची बरणी उपडी करा. बुडाच्या गोल कडेला चकाकी नसते, ती खरखरीत असते. आठवड्यातून एकदा त्या कडेवर सुरी दोन्ही अंगांनी पाच-सहा वेळा फिरवली की दगडाची गरज लवकर पडत नाही.

विळीचं काय? विळीचं पातं वळलेलं असतं आणि पाटाला पक्कं असतं. म्हणून इथे विळी स्थिर ठेवायची आणि दगड हातानं फिरवायचा. त्यासाठी लहान, लांबट दगड घ्या. विळीचा पाट भिंतीला टेकवून पक्का करा. पात्याच्या समोर बसू नका, बाजूला बसा. दगड बुडापासून टोकाकडे सरकवा, आणि बोटं धारेच्या पुढे जाऊ देऊ नका. लेकरं जवळ असतील तर हे काम काढूच नका.

दातेरी सुरी किंवा कापणीचा दातेरी वैभव विळा या दगडावर घासू नका, दाते झिजतात.

धार लागली का हे पिकल्या टोमॅटोवर बघा. न दाबता साल कापली गेली, की जमलं. मग पातं धुऊन, कोरडं पुसून ठेवा. लोखंडी विळी असेल तर गोडेतेलाचं बोट फिरवा, गंज धरणार नाही. चिरायला लाकडी पाट घ्या, स्टीलच्या ताटात चिरलं की धार लगेच जाते. आणि सुरी खरकट्या भांड्यांच्या ढिगात टाकू नका, भांडी घासणारीचा हात कापतो. ती बहुतेक घरातली सून किंवा लेकच असते.

इतकं करूनही कापलंच, तर जखम साबण-पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा, हात वर ठेवा. हळद-चहापत्ती भरू नका. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा पातं गंजलेलं असेल तर आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

शेवटी एक मागणं. प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. दगड सगळ्या मिळून एकच घ्या, दहाजणींत खर्च वाटला तर एकीवर फार भार येत नाही. तो कुणाकडे आहे याची नोंद वहीत ठेवा, आपण पैशाची ठेवतो तशी. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब, ही पंचसूत्री आपण पाळतोच. महिन्यातून एकदा बैठकीला येताना पिशवीत आपली सुरी फडक्यात गुंडाळून आणा. हिशोब लिहून होईस्तोवर दहा सुऱ्यांना धार लागेल.

त्या ताईंचा अंगठा आता बरा आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या गटानं दगड घेतला, आणि पहिली सुरी त्यांचीच लावली.