वेप ओढणारा सुटतो, मग अडकतो कोण?



पावसाळा, शनिवार-रविवार आणि लोणावळा. भुशी धरण, टायगर पॉइंट, भाजलेलं कणीस. आणि ग्रुपमधल्या एखाद्याच्या खिशात वेप! "अरे, ही सिगारेट थोडीच आहे? नुसती वाफ आहे!" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आज त्या वाफेबद्दलच बोलू.

आधी कायदा. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. ऑनलाइन विक्रीवरसुद्धा. आत निकोटिन असो वा नसो.

आता गंमत बघा. या यादीत 'ओढणं' नाही. म्हणून पोरं बिनधास्त असतात. पण मित्रांसाठी दुबईहून चार वेप आणले, तर ती आयात. ट्रिपला दहा घेऊन गेलात आणि बंगल्यावर वाटले, तर? पैसे घेतले नाहीत म्हणून सुटू, असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत फुकट नमुने देणंही वाटपच आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे ओढणारे दहा जण घरी जातील आणि "मी आणतो रे" म्हणणारा अडकेल.

बरं, ती 'वाफ' पाण्याची नसते. रसायनं मिसळलेला द्रव तापवून त्याचे बारीक कण आपण छातीत घेतो. निकोटिन असेल तर सवय लागते, आणि आपल्या मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेपिंगमुळे फुप्फुसाला इजा होऊन २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. त्यातले मृत्यू ६८. खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांनी गांजातलं टीएचसी असलेला द्रव ओढला होता, आणि तो बऱ्याचदा दुकानातून नव्हे, तर ओळखीपाळखीतून मिळवलेला होता. आपल्याकडे तर सगळाच माल चोरीछुपे येतो. आत काय भरलंय, हे तपासणार कोण?

"मग टपरीवर सिगारेट कशी चालते?" प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडायला वेपची मदत घेतात, हेही खरं. पण तिथे निकोटिनच्या प्रमाणावर मर्यादा आहे, अठराच्या आतल्यांना विक्री बंद आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या वेपवर तिथेही जून २०२५ पासून बंदी आली. आणि सिगारेट विकली जाते म्हणून ती चांगली ठरत नाही ना!

सुटायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा टोल-फ्री नंबर आहे. फोन करायला लाजू नका. आणि पुढच्या ट्रिपच्या ग्रुपवर कुणी "वेप कोण आणतंय?" विचारलं, तर हा एपिसोड तिथेच टाका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!