कानांसाठीही रॅम्प हवा



माझा भाचा स्वमग्न आहे. लग्नात डीजे सुरू झाला की तो कान दाबून खाली बसतो. लोक म्हणतात, "लाडावलाय." आपा त्याला घेऊन घरी जाते. हळूहळू तिनं कुठं जाणंच सोडलं.

याच कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. व्हीलचेअरला पायरी अडते, हे आता आपल्याला कळतं. कर्कश आवाज, झगमगते दिवे, गर्दी याही पायऱ्याच आहेत. फक्त दिसत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे आणि इतरांच्या बरोबरीनं करमणुकीचा हक्कही आहे.

मग अशा मुलांना सोसतील अशा जागा शोधायच्या कशा? मी इंजिनिअर, आधी ॲप करायला बसलो. पण त्यात भरायला माहितीच नव्हती. ती आपाकडे होती: रंकाळा सकाळी चालतो, संध्याकाळी नाही.

म्हणून या रविवारी प्रत्येकानं एक जागा बघा. बाग, वाचनालय, दर्गा, काहीही. कधी शांत असते, स्पीकर कुठं, दिवे कसे, पटकन बाहेर पडता येतं का, लिहून आणा. मात्र अशा मुलाच्या आईला विचारूनच यादीत घाला.

आणि पुढच्या ईद मिलनला एक खोली शांत ठेवूया. शाहू महाराजांच्या पाठबळानं 1906 साली इथं मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं, ते शाळेबाहेरच्या मुलांना आत आणायला. आपलं एक मूल अजून दाराबाहेर उभं आहे.